यंत्राच्या हातचे गव्हले

जळोची, बारामती
चैत्रातला एक रविवार

प्रिय लियाकत,

कर्रर्र… टक्. कर्रर्र… टक्. आज दुपारी डोळा लागता लागता हा आवाज कानाशी आला आणि मी उठून बसलो. ओळखलास ना? इंदापूरच्या तुमच्या अंगणात बाजेच्या लाकडाला आवळून बसवलेलं ते पितळी शेवयाचं यंत्र. दांडा फिरताना कर्रर्र, आणि फेरा पुरा झाला की कुठलासा सैल स्क्रू वाजायचा, टक्. तुझी अम्मी दांडा फिरवायची, माझी आई खाली उतरणाऱ्या शेवया हातावर झेलायची, आणि आपण दोघं त्या काठीवर घेऊन वाळत घालायच्या दोरीपर्यंत जपून चालत जायचो. ईद तुमची, पण शेवया दोन्ही घरच्या. लग्नसराई आमची, पण यंत्र तुमचं. त्या तालावर आपण शाळेतल्या कविता म्हणायचो आणि बरोबर टक् वर यमक यायला पाहिजे अशी आपली पैज असायची. तू मुद्दाम अडखळायचास. अम्मी म्हणायची, "महिपती म्हणतो ती कविता, आन् आमचा म्हणतो तो पाढा." किती वर्षांनी तो आवाज आला बघ. उठून बसलो आणि घरात इतकी शांतता होती की त्या आवाजाचीच भीती वाटली.

तुझं खोकं पोचल्याचं मी बऱ्याच दिवसांनी फोनवर सांगितलं होतं. तुझ्या आफताबच्या हॉटेलातला तो पुण्याचा मुलगा स्वतः वाट वाकडी करून जळोचीपर्यंत देऊन गेला, चहाही घेतला नाही. मी तुला "छान, छान" एवढंच म्हणालो. तू विचारलंस, आवाज का असा येतोय. मी म्हणालो, रेंज नाही. रेंज होती, लियाकत. सुप्रिया शेजारच्या खोलीत होती. या घराला भिंती आहेत, पण भिंतींपलीकडे न जाणारं बोलणं काही इथे होत नाही. म्हणून पत्र. तुला हसू येईल की आजच्या काळात कोण इटलीला पत्र पाठवतं. पण माझ्यासारख्याला कागदावरच नीट रडता येतं.

आधी तुझ्या खोक्याबद्दल सांगतो, कारण त्या संध्याकाळी या घरात शेवटचं हसणं झालं. तू प्रत्येक पुड्यावर चिठ्ठी चिकटवून त्या आकाराचं नाव आणि त्या नावाचा अर्थ तुझ्या त्या उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिला होतास. ते अक्षर पाहून आधी मला आपला चौथीचा वर्ग आठवला. सुप्रियानं पितळी परात घेतली, प्रत्येक पुड्यातले थोडेथोडे दाणे तीत वेगवेगळे मांडले, आणि मी स्टँडवर गाड्या पुकारायचो तसा एकेक नाव पुकारत गेलो. फारफाल्ले, म्हणजे फुलपाखरं. दिताली, म्हणजे शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान. ओर्झो, म्हणजे जव. सुप्रिया उठली आणि फडताळातून तिच्या हातच्या खिरीच्या वळवटाचे डबे घेऊन आली. अंगुस्तानाशेजारी तिनं आपली बोटवी ठेवली. जवाशेजारी गव्हले ठेवले आणि म्हणाली, "त्यांनी जव घेतला आबा, आपण गहू. हात तोच."

मग ते गार्गानेल्ली निघालं. फणीच्या दातांवर वळतात म्हणून त्याच्या अंगावर रेघा, आणि नाव म्हणे कोंबडीच्या घशावरून पडलेलं. आमच्या घरात फणीवर वळतात त्या मालत्या. सुप्रियानं मालती त्याच्या शेजारी ठेवली तर लियाकत, जुळ्या बहिणी. "एवढी नाजूक वस्तू आन् कोंबडीचा घसा म्हनायचं? आमची बघा, फुलाचं नाव घेऊन बसलीय," असं म्हणून ती हसली. आणि ते लांबट पीळ दिलेलं स्त्रोझाप्रेती. त्यावर तू लिहिलं होतंस, पाद्र्याचा गळा आवळणारं. यजमानाघरी फुकटचं मिळालं की पाद्रीबुवा इतक्या हावरेपणानं गिळायचे की घशात अडकायचं, असं तिकडचे लोक सांगतात. त्यावर तर ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "आपल्यातबी असा एक आकार काढू या की आबा. आधी कुणाकुणाला वाढायचं ते मी सांगते." माझा दीपक गेल्यापासून मी सुनेला असं हसताना पाहिलं नव्हतं.

शेवटचा पुडा कानांचा. ऑरेकिएत्ते, इवलाले कान. अंगठ्यानं दाबून केलेले. सुप्रियानं आपले नखुले शेजारी ठेवले आणि एक कान अंगठ्याच्या नखावर बसवून पाहिला. तुला माहीत आहे, माझ्या कौसल्येनं तिला नखुले शिकवले ते लग्न होऊन आली त्याच उन्हाळ्यात. खपली गव्हाचं सपीट दुधात भिजवायचं, अंगठ्याच्या नखानं कणीएवढी गोळी दाबून ओढायची, की तिच्या पोटात नखाची चंद्रकोर उमटते. त्यासाठी कौसल्या उजव्या अंगठ्याचं नख थोडं राखून असायची. ती गेली, आणि मग सुप्रियानं राखलं. त्या पुड्यात तू वेगळी चिठ्ठी घातली होतीस, की बारी शहराच्या जुन्या भागात, तुमच्या गल्लीत, म्हाताऱ्या बायका दाराबाहेर पाट मांडून हे कान वळत बसतात. बहुतेकींच्या अंगावर काळे कपडे, कारण नवरे गेलेले. आणि लोक दुकानातलं सोडून त्यांच्याच हातचं घ्यायला थांबतात. सुप्रिया म्हणाली, "ती चिठ्ठी परत वाचा." मी वाचली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "काळ्या कापडांचं तेवढं वाचा."

माझ्या नातीचं, श्रेयाचं लग्न वैशाखात इंदापुरात ठरलंय हे तुला ठाऊक आहे. आपल्याकडची रीतही तू विसरला नसशील. लग्नाच्या कामांना हात लावायचा तो आधी गव्हल्यांचा मुहूर्त करून. पाच सुवासिनी बोलवायच्या, पाटाला हळदकुंकू वाहायचं, त्यांनी चिमूट चिमूट गव्हले वळायचे, मग पुढचं वळवट घरच्या बायकांनी करायचं आणि रुखवतात मांडायचं. विधवेचा हात त्याला लागू द्यायचा नाही. कौसल्या असती तर तिनंच काहीतरी वाट काढली असती. मला वाटलं होतं, आता कोण बघतंय. पोरगी पुण्यात कंपनीत कामाला, नातजावई शिकलेला, माणसं मोटारीनं येणार आणि जाणार. खोटं कशाला सांगू, सुप्रियालाही तसंच वाटलं होतं. तिनं आदल्या दिवशी सपीट तीन वेळा वस्त्रगाळ केलं होतं. लेकीचे गव्हले पहिल्यांदा वळायचे म्हणून केस धुतले होते.

इंदापुराहून नवऱ्या मुलाची चुलती आली, रंजनाबाई. बाई वाईट नाही, हे आधी लिहितो. येताना श्रेयाला साडी आणली, मला वाकून नमस्कार केला. शेजारणी जमल्या. सुप्रिया परातीशी बसली आणि रंजनाबाई अगदी हळू, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ताई, तुमी जरा आत ऱ्हावा. माझं काय न्हाय, पन आमच्या सासूबाई साखरबाई जुन्या वळणाच्या. त्यांच्या कानावर गेलं तर त्यांना खपायचं न्हाय." साखरबाई म्हणजे नवऱ्या मुलाची आजी. सुपारी फोडताना, साखरपुड्यात, त्या कुठेच आल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणून घरीच असतात असं कळलं होतं. ज्या बाईला आम्ही कुणी पाहिलं नव्हतं, तिच्या नावानं सुप्रिया उठली. मी बोलायला तोंड उघडलं. स्वयंपाकघराच्या दारातून सुप्रियाच मला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा. पोरीचं लगीन हाय."

आणि लियाकत, पुढचं ऐक. नारळ फोडायला मला बसवलं. घरातला मोठा माणूस म्हणून. माझीही कौसल्या गेली. मीही एकटाच. माझ्या हाताला कुणाची हरकत नव्हती. नारळ फुटला, पाणी परातीत उडालं, बायका म्हणाल्या, शकुन चांगला झाला.

मग त्या पाचजणी वळायला बसल्या, आणि कुणालाच वळता येईना. कुणाच्या बोटाला पीठ चिकटलं, कुणाचा गव्हला हरभऱ्याएवढा झाला. एकजण म्हणाली, "माझ्या आईला यायचं बया, मला कुठलं?" दुसरी म्हणाली, "हल्ली समदे बचत गटाची पाकिटंच आनत्यात." तेव्हा रंजनाबाई कौतुकानं सांगू लागली, की तिच्या मोठ्या लेकीच्या लग्नात बारामतीच्याच एका गटाची पाकिटं घेतली होती, काय सुबक नखुले, व्याही बघतच राहिले. लियाकत, ते नखुले सुप्रियाचे. दीपक गेल्यापासून गटाची सगळी पाकिटं तीच भरते. बारामतीपासून इंदापुरापर्यंत किती रुखवतांत तिच्या नखाची चंद्रकोर जाऊन बसली असेल. पाकिटाला कपाळ नसतं, म्हणून कुणी विचारत नाही. सुप्रिया आत उभी राहून हे सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही.

शेवटी रंजनाबाईची नजर फडताळावरच्या तुझ्या पुड्यांवर गेली. ओर्झोचा पुडा उचलून म्हणाली, "हे बघा की, किती एकसारखे गव्हले. कुनी वळले?" आतून सुप्रियाचा आवाज आला, "यंत्रानं." "मग चालतंय," असं म्हणून तिनं तो पुडा उघडला आणि परातीत ओतला. त्या इटालियन जवाला हळद लागली, कुंकू लागलं. पाचहीजणींनी त्यावर हात ठेवून फोटो काढून घेतले. यंत्राला ना कुंकू ना वैधव्य. सातासमुद्रापलीकडच्या यंत्राच्या हातचे गव्हले माझ्या नातीच्या लग्नाला चालले, आणि जिनं तिला जन्म दिला तिचा हात चालला नाही. तू प्रेमानं पाठवलेल्या वस्तूचं हे झालं. तुझ्यावर राग नाही रे. त्या पुड्यावर तर नाहीच नाही.

संध्याकाळी श्रेयाचा पुण्याहून फोन आला. फोटो तिला पोचले होते. "सगळ्या आहेत, आई कुठाय फोटोत?" सुप्रिया म्हणाली, "मीच काढत होते की फोटो." पोरगी हसली, म्हणाली, बरे काढलेस. फोन ठेवल्यावर सुप्रियानं माझ्याकडून वचन घेतलं, की श्रेयाला यातलं काही कळता कामा नये. ती तापट आहे, मांडव मोडेल. लग्नाच्या दिवशी अक्षतांच्या वेळी ती कार्यालयाच्या मागच्या खोलीत बसणार आहे, दागिन्यांच्या पेटीजवळ. कुणीतरी बसायलाच लागतं, असं म्हणते. आपण शाळेत आईवरच्या किती कविता पाठ केल्या. तिच्या हातावर, तिच्या पदरावर, तिच्या जात्यावर. त्यांतल्या एकाही कवितेत आई मागच्या खोलीत पेटी सांभाळत बसलेली नव्हती. मी अजून त्या कविता म्हणतो, पण आता मध्येच थांबतो. पुढचं आठवत नाही असं नाही. म्हणवत नाही.

मुहूर्ताला बरेच दिवस झाले. गच्चीवर तेव्हापासून वाळवणाचं धोतर पसरलं गेलेलं नाही. यंदा ऊन काय पडलंय, वाळवणाला असं ऊन मिळत नाही, आणि ते नुसतं पत्र्यावर तापत पडलंय. गटाच्या बायका दोनदा येऊन गेल्या, सराईचे दिवस आहेत, पाकिटं कुठायत? सुप्रिया सांगते, हात दुखतात. हात दुखत नाहीत. मी एकदा नुसतं म्हणालो, पोरी, थोडेसे नखुले तरी कर, मला खीर खावीशी वाटते. ती म्हणाली, "हात गेले माझे, आबा." परवा सकाळी ती ओसरीवर पाठमोरी बसली होती, मला वाटलं काही निवडतेय. जवळ गेलो तर ब्लेडनं अंगठ्याचं नख कापत होती. सासूनं राखलेलं, सुनेनं राखलेलं ते नख. जमिनीवर पडलेला तुकडा तिनं केरात लोटला आणि उठून गेली. दीपक गेला त्या दिवशी या घरातलं सगळं गेलं असं मला वाटलं होतं. नाही लियाकत, थोडं राहिलं होतं. ते परवा गेलं.

तुझ्या पुड्यातले उरलेले कान बरणीत भरून फडताळात तसेच आहेत. रोज बरणीकडे लक्ष जातं. एवढे कान घरात, आणि ऐकणारं कुणी नाही.

आता पत्र कशासाठी ते लिहितो. इतका वेळ घोळवत आलो, कारण लिहिलं की ते खरं होईल. श्रेया सासरी गेली, की तू सुप्रियाला तिकडे बोलावून घे. आफताबला विचार, काय कागद लागतात, कसा परवाना मिळतो, मला यातलं काही कळत नाही. जरिनाभाभींना सांग, तुमच्या घरात एक कोपरा द्या. ती कुणाला जड होणारी नाही. तिला त्या गल्लीत, काळे कपडे घातलेल्या त्या बायकांच्या शेजारी, एक पाट मांडून बसू दे. तिथली भाषा येत नाही, पण बोटं बोलतील, आणि तिच्या कपाळाकडे कुणी पाहणार नाही. इथे राहिली तर ती श्रेयाच्या बाळाच्या बारशालाही मागच्या खोलीत बसेल, आणि तिला मागच्या खोलीची सवय होईल. ते मला बघवणार नाही. तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर म्हणेल, तुमाला कोन करून घालायचं? माझी काळजी करू नकोस. स्टँडजवळच्या खाणावळीतला मालक ओळखीचा आहे. संध्याकाळी अजून मी तिथे बाकावर जाऊन बसतो, इंदापूरची गाडी लागली की मनातल्या मनात पुकारतो. रिकाम्या घरात राहणं काय, जमेल. न जमून कुणाला सांगतो? दाराशी रिक्षा थांबल्यासारखी वाटते. गटाच्या बायका असतील. त्यांना परत काय सांगायचं? बघून येतो.

लियाकत, पाकीट बंद करायचं राहिलंय, म्हणून हे चार शब्द. गटाच्या बायका नव्हत्या. दारात एक म्हातारी उभी आहे, काठीवर वाकलेली, काखेत फडक्यात गुंडाळलेला पाट. कपाळ मोकळं. मी विचारलं, कोण पाहिजे? म्हणाली, "मी साखरबाई, इंदापूरची. नातवाच्या मोबाईलवर फोटू बघितलं. पोरीची आई कुठंच दिसंना, म्हनून आले. आन् ते गव्हले कुनाच्या हातचे न्हाईत, येवढं मला चष्म्याबिगर बी दिसतं." जिच्या नावानं सगळं झालं, ती ही. मग माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. काठीवर टेकलेल्या अंगठ्याचं नख राखलेलं होतं. म्हणाली, "मलाबी आमच्यात आतच बसवत्यात. तुमच्या सुनंला बोलवा, दोघी बाहेर बसू." ती ओसरीच्या पायरीवर टेकली आहे आणि पाटाचं फडकं सोडते आहे. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत आलो तो टेबलाशी. सुप्रियाच्या खोलीचं दार लोटलेलं आहे. आत कसलाही आवाज नाही. तिनं ऐकलं असेल का, कळत नाही. ऐकून येणार नसेल, तर वरची माझी विनंती तशीच धर. जन्मभर स्टँडवर गावांची नावं पुकारली, आणि आता घरातलं हे एकच नाव पुकारायचं, तर मी इथे कागदाला धरून बसलोय. पण दारातलं माणूस उन्हात बसलंय. उठतो.

तुझाच, कविता अर्धीच म्हणणारा,
महिपती